थंड बोटावरचा आकडा

माझ्या कामाच्या पिशवीत बारा महिने लोकरीचे हातमोजे असत. मे महिन्यात जळगावात डांबर चपलेला चिकटतं, कुत्री ओल्या गटारीत जाऊन बसतात, आणि ही बाई हातमोजे घेऊन फिरते म्हणून आमच्या गल्लीत माझी पुष्कळ थट्टा झाली. "सिस्टर, काश्मीरला बदली झाली का?" असं रिक्षावाले विचारत. मी म्हणे, "हो, तुमच्याच रिक्षानं जायचंय, काढा बाहेर." पण ज्या घरांत मी जायचे तिथे भर उन्हाळ्यात काही हात असे गार असत, की धरल्याबरोबर आपलाच हात मागे यायचा. बाहेर पत्रे तडतडताहेत, आणि आत खाटेवर एक म्हातारं माणूस विहिरीतून काढल्यासारखा हात पुढे करतंय. याची सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

मी नर्स. माहेर साक्रीकडचं, सासर जळगावचं. नोकरीची बहुतेक वर्षं छातीच्या एका दवाखान्यात गेली. करोनानंतर घरी ऑक्सिजनचं मशीन लावून बसलेले पेशंट वाढले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी मला त्यांच्याकडे फेरीला पाठवायला सुरुवात केली. नळी नीट आहे का, मशीनची जाळी धुतली का, पायावर सूज आहे का, आणि मुख्य म्हणजे रक्तातला ऑक्सिजन किती, हे बघायचं. या अंकाच्या संपादकांनी मला "कामातल्या गमती लिहा" म्हणून सांगितलंय. गमती आहेत, त्या देते. पण लिहायला बसले की हात आपोआप एकाच घराकडे वळतो, आणि त्या घरातली गोष्ट काही गंमत नव्हे.

आधी ते यंत्र काय करतं ते सांगते. बोटाला लावायचा तो चिमटा आता घरोघरी आहे, कपाटात व्हिक्सच्या डबीशेजारी पडलेला. त्याच्या एका जबड्यात दोन उजेड असतात, एक लाल, दुसरा डोळ्यांना न दिसणारा. ते बोटातून आरपार जातात. ऑक्सिजन भरलेलं रक्त लालभडक असतं, नसलेलं काळपट, आणि पलीकडे किती उजेड पोचला त्यावरून यंत्र हिशेब लावतं. यात एक मेख आहे. बोटात हाड असतं, कातडी असते, नुसतं साचलेलं रक्तही असतं. त्यातलं ठोक्याबरोबर उसळी घेणारं रक्तच तेवढं यंत्र बघतं. जिथे ठोका पोचत नाही तिथे यंत्राच्या लेखी काही नसतंच. मग पडद्यावर आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा येतात.

म्हातारपण, बिडी-तंबाखू, साखर, थकलेलं हृदय, यांतलं काहीही असलं की बोटांकडे जाणाऱ्या बारीक नळ्या आवळतात. शरीर मोठं हुशार. रक्त कमी पडायला लागलं की ते आधी काळीज आणि मेंदू सांभाळतं, बोटांना म्हणतं, तुमचं नंतर बघू. मी लोकांना पाटाच्या पाण्यावरून समजावायचे. गिरणेच्या पाटाच्या शेवटच्या चारीला पाणी आलं नाही म्हणून कुणी धरण आटलं म्हणत नाही. धरण बघायचं तर धरणाजवळ जावं लागतं. म्हणून बोटानं दगा दिला की आम्ही कानाच्या पाळीला चिमटा लावतो, कारण कान काळजाला जवळ. तोवर हात चोळायचा, गरम पाण्याची पिशवी द्यायची, मोजे घालायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी आकडा वाचायचा नाही. यंत्र ऑक्सिजनबरोबर नाडीचाही आकडा दाखवतं. आपण पेशंटची नाडी हातानं धरायची आणि यंत्राच्या ठोक्याशी ती जुळते का ते बघायचं. जुळली तरच तो ऑक्सिजन त्या माणसाचा. माझ्या पहिल्या हेडसिस्टर हे दटावून शिकवत. मला ते तेव्हा किरकिरेपणाचं वाटायचं.

नाहीतर काय होतं त्याचे नमुने ऐका. धुळ्याला एका लग्नघरी नवरीला दम लागला. बोटांवर गर्द मेंदी, नखांवर जांभळं नेलपॉलिश, यंत्र भलतंच काहीतरी दाखवतंय, आणि नवरीची आई पॉलिश पुसू देईना. मी चिमटा बोटाला आडवा लावला तेव्हा खरा आकडा आला आणि वरात वेळेवर निघाली. दुसरा नमुना सावद्याकडच्या एका केळीवाल्या काकांचा. त्यांनी करमत नाही म्हणून चिमटा अर्ध्या कच्च्या केळाच्या टोकाला लावला. खोलीत ट्यूबलाइट फडफडत होती, तिचा उजेड यंत्रानं ठोका धरला आणि आकडा दाखवला, चांगला चौऱ्याण्णव. काकांनी मला फोन केला. "सिस्टर, हे केयं जित्तं हाये का काय?" आम्ही दोघंही खूप हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मला वाटलं, या यंत्राला कोण आहे नि कोण नाही हे कळतच नाही की काय.

बायजाअक्का एरंडोलच्या अलीकडे, पद्मालयाच्या बाजूला एका गावात राहायची. कापूस पिकवणारं घर. नवीन स्लॅबचं बांधकाम, आत गुळगुळीत फरशी, अंगणात एक मोठा निंब. घरात तिचा मुलगा भगवानभाऊ, सून सुमन आणि अक्काचे दीर आबा. आबांचं वय झालेलं, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, पण घरात त्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नसे. अक्काची छाती चुलीच्या धुरानं गेली होती, हृदय थकलं होतं. ऑक्सिजनची नळी नाकात घालून ती निंबाखाली खाटेवर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची. जन्मभर वजनदार सोनं घालून तिच्या कानाच्या पाळ्या लोंबल्या होत्या. बोटं निळसर, आणि हात असा गार की मी पहिल्या दिवशी चमकलेच. मी चिमटा लावला. दोन रेघा.

"काय म्हनस ते?" अक्कानं अहिराणीत विचारलं.

"काहीच म्हनत नही, अक्का. तुमना हात थंडा शे." मीही तिच्याच बोलीत म्हटलं; "शे" म्हणजे आहे.

"मन्हा हात लगीनपासून थंडा शे," ती म्हणाली. "मन्ही सासू म्हने, लोनी काढाले बरा."

मी कानाला चिमटा लावला, नाडी जुळवली, आकडा आला एक्क्याण्णव. तिच्या मानानं उत्तम. भगवानभाऊला बसवून सगळं समजावलं. बोटावर रेघा आल्या तर घाबरायचं नाही, हात चोळायचा, कानाला लावायचा. त्यानं मान हलवली. हुशार शेतकरी, फवारणीचं औषध थेंब मोजून घालणारा. पण घाबरलेल्या घरात शांत वेळी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहतं?

उन्हाळ्यात एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज एकदम संथ.

"ताई, बोटना यंत्रवर काहीच नही उनं. मायले उतारी लिधं. तुमी घाई करू नका."

उतरवणं म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको, इतरांसाठी लिहिते. माणूस जायला लागलं की त्याला खाटेवर जाऊ देत नाहीत. खाली भुईवर घेतात, तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान घालतात, उशाशी दिवा लावतात. माझ्या वडिलांनाही असंच घेतलं होतं. त्यात वाईट काही नाही, माणूस मातीला टेकलेलं बरं.

"अक्का बोलस का?" मी विचारलं.

"बोलस ना."

"काय बोलस?"

"म्हनस, मी कोठे शे?"

मी मिळेल त्या बसनं निघाले. फाट्यावर उतरून आत चालत गेले तर गावात चिटपाखरू नव्हतं, फक्त कूलरांची घरघर. घरात कुणी रडत नव्हतं. अंगणातली खाट भिंतीला उभी लावून ठेवली होती. आत अक्का उघड्या फरशीवर, खाली एक पातळ चादर. जीव अडकू नये म्हणून नाकातली नळी काढलेली. शेवटी तरी गारवा मिळावा म्हणून कूलर तिच्याकडे तोंड करून लावलेला. त्या वाऱ्यानं उशाचा दिवा विझू नये म्हणून त्याला पत्र्याच्या डब्याचा आडोसा केला होता. दिव्याला आडोसा होता, अक्काला नव्हता. आधीच आवळलेल्या बोटांतलं उरलंसुरलं रक्त त्या फरशीनं आणि कूलरनं पळवून लावलं होतं, आणि सगळे आळीपाळीनं चिमटा लावून रेघा बघत होते. पुन्हा पुन्हा बघून त्यांची खात्री पटत चालली होती.

मी खाली बसले. अक्कानं डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "तू बी गई का?"

"मी कायले जाऊ, अक्का? मी जळगावहून उनू," म्हटलं, पण माझाच आवाज मला पटेना. घाईघाईनं नळी लावली, मशीन सुरू केलं, कूलर बंद केला आणि चिमटा कानाला लावला. अठ्ठ्याऐंशी. नाडी जुळली. थोड्या वेळानं ब्याण्णव. मी सगळ्यांना दाखवलं. सुमन तोंडाला पदर लावून रडायला लागली. भगवानभाऊ खाट आणायला उठला.

"बैस," आबा म्हणाले. "उतारेल मानुसले परत खाटवर लेतस नही. घरवर येस."

"आबा, ती जित्ती शे," मी म्हटलं.

"व्हई. मी कोठे नही म्हनस? तो आकडा कानवर उना. बोटवर नही उना. ज्या बोटवर गई, त्याच बोटवर यी, तं मी सोता तिले खाटवर ठेवसू. मन्हा सबद शे."

डॉक्टरांशी फोन जोडून दिला. आबांनी सगळं ऐकलं, "हा साहेब, हा साहेब" म्हणाले आणि फोन मला परत दिला. ते दुष्ट नव्हते. भावजयीच्या अंगाखाली गादी घालू दिली, मोजे घालू दिले, गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिली ती त्यांनीच. फक्त खाट तेवढी भिंतीलाच उभी राहिली. मी तरी काय करणार? परक्या घराच्या चालीरीतीवर नर्सनं किती बोलायचं याला मर्यादा असते, आणि पुढच्या वेळी दार उघडायला हवं असतं.

त्यानंतर मी तिकडे वारंवार जायला लागले आणि दर खेपेला ते घर मला जास्त अनोळखी वाटायला लागलं. अक्का जेवत होती, बोलत होती, कानावरचा आकडा नव्वदीच्या आसपास टिकून होता. पण गाव तिला पोचवून मोकळं झालं होतं. शेजारणी तिच्यासमोर बसून म्हणत, "अक्काना हातनी कढी काय व्हती." आणि खालून अक्काच म्हणे, "व्हती खरी." एकदा मी आत गेले तेव्हा एक म्हातारी अक्काच्या कानाशी वाकून काहीतरी कुजबुजत होती. मला वाटलं ही बहिणीबहिणींची गुजगोष्ट असेल. मग शब्द कानावर आले. "मन्हा बापूले सांगजो, वावर धाकलाले दी टाकं. राग धरू नको म्हना." अक्कानं मान हलवली. म्हातारी उठली, तिच्या जागी दुसरी बसली. तिला आपल्या गेलेल्या लेकीला काहीतरी कळवायचं होतं.

बाहेर ओट्यावर आणखी दोघीतिघी वाट बघत होत्या. कुणी रडत नव्हतं. पोस्टात उभ्या असल्यासारख्या शांत होत्या.

त्या गेल्यावर मी चिडून बोलले. हे काय चाललंय, जित्या माणसाला कुणी असले निरोप देतं का? अक्कानंच माझा हात धरला, त्या मोज्यातल्या थंड बोटांनी. "ओरडू नको. बठ्ठा लोकेसना निरोप शेतस मन्हाकडे. आते मी नही गऊ तं लोके काय म्हनतीन?"

"त्या जायेल लोकेसले काय घाई शे, अक्का? निरोप उशिरा ग्या तरी चालस."

ती हसली. मग वर छताकडे बघत राहिली. "खरं सांग. मी शे का नही?"

"शे, अक्का."

"मंग त्या यंत्रले काबरं दखात नही?"

मी तिला पाटाची आणि चारीची गोष्ट सांगितली. तिनं लक्ष देऊन ऐकलं. "म्हनजे धरनमा पानी शे."

"शे ना."

"मंग माले एक डाव खाटवर ली जा. निंब खाले. आठून माले लोकेसना पायच दखातस." एवढं बोलून तिला धाप लागली. मी घरी येताना बसमध्ये सगळ्यांच्या पायांकडेच बघत होते.

भगवानभाऊला हे माहीत होतं. त्याच्या हातानं त्यानं आईला खाटेवरून खाली घेतलं होतं, आणि ते त्याला आतून खात होतं. मी एकदा त्याला आणि आबांना सकाळी बोलावलं. गादी ओढत दाराशी आणली, तिथे फरशीवर उन्हाचा पट्टा पडतो. अक्काचा हात त्या उन्हात ठेवला, चोळला, खाली लोंबता सोडला, पुन्हा ठेवला. आबा चष्मा लावून उकिडवे बसले. बऱ्याच वेळानं चिमटा बोटाला लावला. रेघा. रेघा. मग एकाएकी एकोणनव्वद. भगवानभाऊच्या तोंडून "आबा" एवढंच निघालं. मी नाडी धरायला हात पुढे केला तोवर आकडा गेला आणि रेघा परत आल्या.

आबांनी गुडघ्यांवर हात टेकले. मग उठता उठता म्हणाले, "दिवा इझाना पह्यले मोठा व्हस."

तेव्हापासून भगवानभाऊनं दुसरं काही मनात ठेवलं नाही. पेरणीपूर्वीची कामं तोंडावर आली होती, ती त्यानं भावकीवर सोपवली. आईशेजारी बसून तिचा हात दोन्ही हातांत धरायचा, फुंकर मारायची, चिमटा लावायचा. मला फोन करायचा. "ताई, आज रेघा हालन्यात." "ताई, आज जराखा उना आनि ग्या." मी त्याला म्हणे, भाऊ, कानाचा चांगला आहे ना, मग झालं. पण कानाच्या आकड्यावर खाट मिळत नव्हती.

आणि एका सकाळी फोन आला. मागे माणसांचे आवाज होते. "ताई, उना. सत्त्याण्णव. हालतच नही. आबा देखी राह्यनात. तुमी या, तुमना समोर मायले खाटवर ठेवसूत."

मला इतका आनंद झाला, की बसस्टँडवर ओळखीच्या कंडक्टरला मी पेढे कबूल केले. बस नशिबानं लगेच मिळाली. खिडकीतून ऊन मांडीवर पडलं होतं. पाळधी मागे पडलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात तो आकडा परत आला. सत्त्याण्णव. अक्काच्या कानावर कधी त्र्याण्णवच्या वर गेला नव्हता. धरणात जेवढं पाणी नाही, तेवढं शेवटच्या चारीला कुठून येईल? मी स्वतःला म्हटलं, चांगली बातमी अशी उलटून पालटून बघू नये. पण एरंडोलचा फाटा येईपर्यंत माझ्या तळहातांना घाम सुटला होता, गार घाम.

अंगणात निंबाखाली खाट मांडली होती. धुतलेली, त्यावर नवी गोधडी, पायाशी घडी केलेली शाल. निरोप देऊन गेलेल्या त्याच बाया कडेला उभ्या होत्या. कुणीतरी शिरा केल्याचा वास येत होता. आत गेले तर सगळं घर अक्काभोवती गोल करून बसलेलं, आणि एकदम शांत. नळीतून हवेचा सूं सूं आवाज. भगवानभाऊ आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन, डोळ्याची पापणी न हलवता बसला होता. चिमटा टिक टिक वाजत होता. सत्त्याण्णव. आबा, सुमन, भावकीतली माणसं, सगळ्यांचे डोळे त्या एवढ्याशा लाल आकड्यावर. मीही आधी तिकडेच पाहिलं.

मग अक्काकडे पाहिलं. डोळे अर्धे उघडे, दाराकडे लागलेले. मी खाली बसून तिच्या गळ्यावर बोटं ठेवली आणि थांबले. जागा बदलली, पुन्हा थांबले. इकडे यंत्र वाजतच होतं. छातीला कान लावला. मला माझ्या कामात इतकी भीती कधी वाटली नव्हती. आकडा चालू आणि माणूस बंद.

मग हेडसिस्टरांनी शिकवलेलं हातानं आपोआप केलं. मी भगवानभाऊचं मनगट धरलं. त्याची नाडी आणि यंत्राची टिकटिक, एकाच तालात. त्याची जरा चुकली की यंत्राची चुकत होती.

अक्काचं बोट काडीसारखं झालं होतं, चिमट्यातून निसटायचं. म्हणून त्यानं आधाराला आपलं बोट तिच्या बोटाला चिकटवून आत सरकवलं होतं. तसं करताना आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नसेल.

"भाऊ," मी म्हटलं, "हाई तुमनं शे."

"काय मन्हं?"

"हाऊ आकडा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. हळूच बोट बाहेर काढलं. ही यंत्रं शेवटचा आकडा थोडा वेळ धरून ठेवतात. तेवढा वेळ सत्त्याण्णव तसाच राहिला. मग रेघा आल्या.

सुमननं सकाळी चमच्यानं पाणी पाजलं होतं, ते अक्कानं घेतलं होतं. त्यानंतर तिच्या तोंडाकडे कुणी पाहिलंच नव्हतं, पाहायला आकडा होता. ती केव्हा गेली, हे त्या भरल्या घरात कुणालाच सांगता आलं नाही. आणि त्याआधी भगवानभाऊनं फोनवर कळवलेल्या हलत्या रेघा, येऊन गेलेले आकडे, त्यातले अक्काचे किती आणि त्याचे किती, हे मला आजही माहीत नाही. भगवानभाऊनं नंतर ते यंत्र मलाच देऊन टाकलं, ते अजून माझ्या कपाटात आहे. मी ते स्वतःच्या बोटाला लावत नाही.

कुणीतरी उशाचा दिवा पुढे सरकवला. बायांत हालचाल झाली, आता रडायला सुरुवात होणार असं वाटलं. तेवढ्यात भगवानभाऊनं आईच्या मानेखाली एक हात घातला, गुडघ्यांखाली दुसरा, आणि तिला उचललं.

"आते कायले, भाऊ?" एक बाई म्हणाली. "खालेच राहू दे."

तो दारात थांबला, आबांकडे पाहत. मला वाटलं, आता आबा अडवतील. जिवंतपणी खाली आणि मेल्यावर वर, असं आमच्याकडे कुणी ऐकलेलंही नाही. आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत लावला.

"बोटवर आकडा उना व्हता," ते म्हणाले. "मी देखा. मन्हा सबद व्हता." आणि पुढे होऊन त्यांनी भावजयीचे पाय धरले.

दोघांनी तिला निंबाखाली खाटेवर निजवलं. मी नाकातली नळी काढली, आत जाऊन मशीन बंद केलं. त्याचा आवाज थांबला तेव्हा घर किती मोठं आहे ते कळलं. बाहेर आले तर ती पहिली म्हातारी खाटेशी गेली होती. वाकून तिनं अक्काच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मागे सरली. तिचं काही सांगायचं राहून गेलं असावं.

भगवानभाऊ खाटेच्या काठावर बसला होता. दुपारचं ऊन निंबातून उतरून अक्काच्या हातावर पडलं होतं, आणि बराच वेळ पडलं होतं. त्यानं तो हात उचलून आपल्या हातात घेतला.

"ताई," तो म्हणाला, "मायना हात गरम शे."

मी हात लावून पाहिला. खरंच गरम होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. जन्मभर मी लोकांना कोणता आकडा कुणाचा ते सांगत आले. उन्हाचं मी त्याला सांगितलं नाही.

"हां भाऊ," मी म्हटलं. "शे."